थंडी तारीख पाहत नाही

ऑक्टोबरात आम्ही अमेरिकेत, सुपीरिअर सरोवराकाठच्या डुलूथ शहरी भाच्याकडे होतो. मोटारीमागे ओढायचे चाकांवरचे घर त्याने हप्त्यांवर घेतलेले. आत नळ, टाकी, गिझर सारे.

"मामा, अजून एक सहल करू, मग पाणी काढू."

भाचेसून म्हणाली, "गेल्या वर्षी हे असेच म्हणाले नि नळी फुटली. वसंतात कळले, तेव्हा महिन्याची बचत गेली."

पाणी शून्य अंशाला गोठते आणि सुमारे ९ टक्के फुगते. रात्री पारा कित्येक तास शून्याखाली राहणार, असा अंदाज आला. त्याच संध्याकाळी आम्ही टाकी व थंड झालेला गिझर रिकामा केला, नळ्यांत न गोठणारा गुलाबी द्रव भरला.

सहल हुकली. पण वाचकहो, कॅलेंडरपेक्षा रात्रीचा पारा पाहावा, हे आम्ही शिकलो.