व्याज बाकी

वरळीच्या बीडीडी चाळीत आमची १६० चौरस फुटांची खोली. शेजारच्या पोलिसांच्या चाळीत हवालदारकाकांची खोलीही तेवढीच. आम्ही कोकणातले, ते साताऱ्याकडचे. वडील गिरणीत साचेवाले, काका वर्दीतले. बाकी महिनाअखेरीची ओढाताण दोन्ही घरांत सारखीच.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. काकांचा बंदोबस्त नेमका गिरणीच्या गेटवर. वडील घोषणा देणाऱ्यांत, काका लाठी घेऊन समोर. रात्री पट्टा सोडायच्या आधी ते आमच्या दारात यायचे. "वहिनी, दादा आले का घरी?" आई 'हो' म्हणाली की निघून जायचे. त्यांनी कुणावर लाठी चालवली नसेल, असं मी म्हणणार नाही. हप्त्यांचंही शपथेवर सांगता येणार नाही. पण दिवसभर उभं राहून पायांना आलेले फोड मी पाहिलेत. काकू घमेल्यात मिठाचं गरम पाणी ठेवायच्या आणि काका त्यात पाय सोडून बसल्याबसल्याच झोपून जायचे.

त्याच वर्षी पोलीसही पेटले. पगार, घरं, कामाचे तास ही त्यांची दुखणी आमच्याहून वेगळी कुठे होती? १५ ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला सरकारने त्यांची संघटना मोडीत काढली, पुढाऱ्यांना पकडलं आणि नायगाव-वरळीत दंगल उसळली. शेवटी लष्कर बोलवावं लागलं. त्या दिवशी गिरणी कामगार पोलिसांच्या बाजूने रस्त्यावर उतरले होते, आमचे वडीलही. ज्यांच्या लाठ्या खाल्ल्या त्यांच्यासाठी का गेलात, असं आईने विचारलं, तर म्हणाले, "अगं, तोही कामगारच."

गिरण्यांचा संप मिटलाच नाही. पुढच्या वर्षी मला डिप्लोमाला प्रवेश मिळाला तेव्हा घरात विकायला भांडीही उरली नव्हती. काकांनी पोलिसांच्या पतपेढीतून कर्ज काढलं आणि माझी फी भरली. हप्ता त्यांच्याच पगारातून कापला जायचा. त्यांच्या दोन मुली शाळेत होत्या, हे लक्षात घ्या.

नोकरी लागल्यावर मी पैसे परत केले. काकांनी न लाजता नोटा मोजून घेतल्या. थोरलीचं लग्न ठरलं होतं. व्याजाचं पाकीट मात्र परत दिलं. "ते राहू दे तुझ्याकडे."

कोविडमध्ये लोकांनी पोलिसांसाठी टाळ्या वाजवल्या. वाजवाव्यात. पण कामाच्या तासांच्या त्या जुन्या दुखण्यावर आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग मुंबईत थेट २०१६ साली देवनार ठाण्यात सुरू झाला, तोही एका शिपायानेच मांडलेल्या कल्पनेवरून. टाळ्या फुकट असतात, तास कमी करायला माणसं भरावी लागतात.

आता बीडीडीच्या जागी टॉवर उभे राहताहेत. आमच्यासारख्या भाडेकरूंना ५०० चौरस फुटांचं घर मोफत. पोलिसांच्या खोल्या नोकरीच्या, म्हणून त्यांना त्याच घरासाठी आधी ५० लाख सांगितले, मग २५, आणि २०२२मध्ये १५ लाखांवर आले. काका आता नाहीत. काकूंच्या धाकटीने त्या १५ लाखांसाठी बँकेचं कर्ज काढलंय. जामीन मी आहे.