स्पूल संपेपर्यंत

जुन्या हाय-फायच्या शौकिनांना गॅरार्डच्या टर्नटेबलचं कौतुक असतं, क्वाडच्या स्पीकरचं असतं, नारिंगी उजेडात तापत बसलेल्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरचं तर विचारूच नका. ग्रुंडिगचा साधा घरगुती स्पूल टेपरेकॉर्डर त्यांच्या गप्पांत क्वचितच येतो. जड पेटी, एकच छोटा स्पीकर, वर फिरणाऱ्या दोन चकत्या, कोण विचारणार! मला मात्र या सगळ्या मंडळींत तोच थोर वाटतो, कारण त्याच्याजवळ गाण्याला द्यायला वेळ होता.

अठ्ठ्याहत्तरची तबकडी एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं वाजायची. तेवढ्यात राग उभा करायचा, बंदिश मांडायची, तान घ्यायची आणि उठायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यातही चमत्कार केले, ते वेगळं. एलपीने वीस-बावीस मिनिटं दिली, पण कंपनी बोलावील त्याला. बैठकीतला विलंबित ख्याल पाऊण-पाऊण तास चालतो. तो घरी नेण्याची सोय स्पूलने केली.

एईजीने १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन मांडला, तेव्हा टेप खरखरतच होती. १९४० मध्ये आवाजात उच्च वारंवारितेचा, कानाला न ऐकू येणारा प्रवाह मिसळण्याची, म्हणजे बायसची युक्ती सापडली आणि ती स्वच्छ बोलू लागली. युद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकी सैनिकाने असली दोन यंत्रं सुटी करून टपालाने घरी धाडली. बिंग क्रॉस्बीने १९४७ पासून आपला रेडिओ कार्यक्रम टेपवर घ्यायला सुरुवात केली, कारण दर वेळी थेट प्रक्षेपणाला उभं राहण्याचा त्याला कंटाळा होता. आपल्याकडच्या रसिकाचा हेतू उलटा. त्याला ती थेट बैठकच पुन्हा हवी होती.

हिशेब मात्र कडक. सात इंची स्पूलवर बाराशे फूट टेप. सेकंदाला साडेसात इंच वेग ठेवला तर आवाज उत्तम, पण बत्तीस मिनिटांत चकती रिकामी. वेग निम्मा केला तर चौसष्ट मिनिटं, पण तानपुऱ्याची वरची झिलई गेली म्हणून समजा. टेप परदेशातून येणाऱ्याकरवी मागवायची, म्हणजे महागच. बहुतेकांनी निम्मा वेग पत्करला. हाय-फायच्या शास्त्रात हे पाप आहे, पण मी त्यांच्याच बाजूचा.

यंत्रापाशी बसणाऱ्याची बैठक निराळीच. बाकीचे डोळे मिटून डोलतात, हा आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मॅजिक आयच्या हिरव्या पट्टीकडे बघत असतो. तार सप्तकात पट्टी मिटायला लागली की बटण किंचित मागे. माईक जवळ, म्हणून वाहवा द्यायचीही चोरी. टेप सरत आली की पुढची सम कधी येते याचा अंदाज घेत हात तयार. चकती बदलायला लागणाऱ्या अर्ध्या मिनिटात बुवांनी काही विलक्षण करून ठेवलं, तर ते त्याच्या नशिबी नाही आणि पुढे कोणाच्याच नाही. खोक्यावर बॉलपेनने एवढंच: बागेश्री, विलंबित, अपूर्ण.

अशा खासगी मुद्रणांत अडकित्ता वाजतो, कपबशा वाजतात, कोणीतरी खोकतं. स्टुडिओने हे सगळं काळजीपूर्वक बाहेर ठेवलं. शिवाय एक भुताटकी आहे. वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेल्या टेपचा एक वेढा शेजारच्या वेढ्यावर उमटतो, आणि शांततेत गवयाने षड्ज लावायच्या आधी तोच षड्ज अगदी पुसट कानावर येतो. म्हणून जाणते लोक टेप उलट न गुंडाळता शेवट बाहेर ठेवत. मग तो छाप आधी ऐकू न येता मागून, प्रतिध्वनीसारखा येतो.

मुंबईत सत्यशील देशपांडे यांनी संवाद फाउंडेशनमध्ये अशा बैठकींचा मोठा साठा केला. बाकी कितीतरी स्पूल माळ्यावर आहेत. जुन्या अॅसिटेट टेपेला व्हिनेगरचा वास सुटतो. नंतरच्या काही टेपा दमटपणा पिऊन चिकट होतात. त्यांना पन्नासेक अंशांवर काही तास भाजून घेतलं तरच त्या एकदा नीट वाजतात.

वाजल्यावरही पेच उरतो तो पट्टीचा. बऱ्याच घरगुती यंत्रांची मोटर विजेच्या वारंवारितेवर चाले. मुद्रणाच्या रात्री ती पन्नास हर्ट्झवरून अठ्ठेचाळीसवर उतरली असेल, तर आज तीच टेप चार टक्क्यांनी चढी वाजते. काळी एक आणि पांढरी दोन यांच्यामधलं दोन तृतीयांश अंतर! एवढ्याने गळा पोरगेला होतो, तबला टणटणतो. यंत्राला हे कळायचा मार्ग नाही. मग एखाद्या जुन्या साथीदाराला फोन करून विचारावं लागतं, बुवा त्या वर्षी कुठल्या पट्टीत गात होते हो? पुष्कळदा उत्तर झटकन येतं, कारण तानपुरा त्यांनीच लावलेला असतो. मग टेप तेवढी खाली आणली जाते आणि बुवा पुन्हा आपल्या काळी एकमध्ये येऊन गायला लागतात.