पावावरचा शिक्का

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात एक पाव आहे. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि हर्क्युलेनियम शहरातला हा पाव जळून कोळसा झाला. गोल, काळाकुट्ट, मोडायला सोपा जावा म्हणून आठ भागांच्या खुणा पाडलेला. वर शिक्का: क्विंटस ग्रानियस व्हेरसचा गुलाम सेलेर.

सामाईक भट्टीत पावांची अदलाबदल होऊ नये, एवढ्याचसाठी तो मारला असावा. पण त्यात आख्खी रोमन समाजव्यवस्था मावली. मालकाचं नाव भारदस्त, तीन पदरी. गुलामाचं एकच, तेही मालकाला बांधलेलं. तरी सेलेर हे नाव उरलंच. गंमत म्हणजे लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘चपळ’.

तिकडे रोमन ब्रिटनच्या उत्तर सीमेवर, विंडोलंडाच्या छावणीत, लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईनं लिहिलेली पत्रं १९७३पासून सापडत आली आहेत. जगज्जेत्या सैन्याची पत्रं म्हणून कुणी रणगर्जना शोधायला जाईल, तर हाती काय लागावं? मोजे, चपलांचे दोन जोड आणि दोन चड्ड्या पाठवल्याची नोंद. थंडी साम्राज्याला जुमानत नाही.

याच पत्रांपैकी एकात, इसवी सन १००च्या सुमाराला, एका अधिकाऱ्याची पत्नी क्लॉडिया सेवेरा हिनं मैत्रिणीला आपल्या ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाचं आमंत्रण धाडलं. मजकूर लेखनिकाच्या वळणदार अक्षरात. खाली मात्र सेवेरानं स्वतः चार ओळी खरडल्या आहेत. अक्षर जरा ओबडधोबड, आणि मैत्रिणीला हाक ‘ताई’ म्हणावं तशी, बहीण म्हणून.