आठ वार

माझे जावई एडिनबरोचे. पन्नाशी उलटेपर्यंत त्यांनी किल्ट कधी नेसला नव्हता. वडील गेले, त्यांचे कपाट आवरताना किल्ट हाती लागला, आणि पुतण्याच्या लग्नात तोच नेसायचा असे त्यांनी ठरवले.

ऐन वेळी मात्र आरशापुढे धीर खचला. "नाटकातला वाटतो ना मी?"

मी निरखून पाहत होते. पुढे सपाट, मागे निऱ्याच निऱ्या! कापड किती लागते, मी विचारले.

"सुमारे आठ वार."

माझ्या आईच्या लुगड्याला एकच वार कमी!

१७४५ च्या बंडानंतर, १७४६ साली, हा डोंगरी पोशाख कायद्याने बंद झाला. नेसणाऱ्याला सहा महिने तुरुंग. बंदी उठली ती १७८२ साली. घराण्यागणिक ठरावीक चौकडी हा प्रकार तर बहुतांशी त्याच्याही नंतरचा, हे जावईच सांगतात. मग एवढा हट्ट कशाला?

त्यांनी किल्टचा चामडी पट्टा दाखवला. त्याचे एक भोक वापरून वापरून सैल झाले होते.

"हे बाबांचे."

जावयांना त्याच्या पुढचे भोक लागले. आम्ही दोघेही हसलो. मग ते डोळे टिपून बाहेर पडले.

आईचे लुगडे माझ्या ट्रंकेत कित्येक वर्षे घडी करून ठेवलेले आहे. पाचवारीच सोयीची, म्हणत मी ते नेसायला कधी शिकलेच नाही. यंदा पाडव्याला बाहेर काढावे म्हणते. निऱ्या कशा घालायच्या, हे विचारायला आता आई मात्र नाही.