एका चुलीचे घर

यवतमाळ जिल्ह्यातील एकत्र कुटुंब कापसाच्या शेतीने घडवले. काळी जमीन, बहुतेक पावसाच्या भरवशावरची; डवरणी, निंदण आणि वेचणीच्या दिवसांत सगळ्या गावाला एकाच वेळी माणसे हवी असतात. घरचे हात जितके जास्त, तितकी मजुरी कमी. म्हणून तीनचार भाऊ, त्यांच्या बायका, लेकरे आणि म्हातारा-म्हातारी एका वाड्यात, एका सातबाऱ्यावर आणि एका चुलीवर राहत. प्रस्तुत लेखक दारव्हा तालुक्यातील अशाच घरात वाढला. पुढील वर्णन मुख्यतः त्या घराचे आहे.

बाहेरचा कारभार आजोबांकडे, म्हणजे आबाजींकडे, आतला आजीकडे. काका थोरल्या भावाला ‘भाऊ’ म्हणत, म्हणून त्याची स्वतःची मुलेही त्याला भाऊच म्हणत. थोरली काकू सगळ्यांची मोठी आई. आबाजींसमोर बापाने आपलेच लेकरू कडेवर घेणे बरे दिसत नसे. त्यामुळे मुले वाढली ती आजोबांच्या खांद्यावर आणि आजीच्या पांघरुणात. या रीतीचे गोडवे पुष्कळ गायले जातात; सुनांना ती कशी वाटे, हे फारसे कोणी विचारले नाही.

वेचणीचा आरंभ सीतादईने होई. शेतात पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवत आणि मगच ओटीत पहिला कापूस पडे. बंडीने घरी आलेला माल आधी मधल्या खोलीत भरत. खोली आढ्याला लागली की आजीची खाट ओसरीवर निघे. त्या ढिगावर उड्या मारायला मुलांना सक्त मनाई होती. तुडवलेल्या कापसात माती-पत्ती मिसळते आणि प्रत उतरते, हे आबाजींचे कारण. आजीला प्रतीशी कर्तव्य नव्हते. तिला रात्री खाजवत बसणारी पोट्टी नको होती. उड्या रोज पडत आणि रात्री खाजेवरून चोर आपोआप सापडत. आजी त्यांना खोबरेल चोळी, आबाजींच्या कानावर मात्र काही जाऊ देत नसे. कापूस विकून चुकारा हाती आला की एकाच ताग्यातून साऱ्या मुलांचे सदरे शिवले जात.

कुटुंब खरे मोठे दिसे ते भाद्रपदात, महालक्ष्म्यांना. अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठा-कनिष्ठा घरी येतात, ज्येष्ठावर पूजन होते आणि मूळावर विसर्जन. अमरावती-अकोल्याकडचे पाहुणे मूर्तिजापूरला गाडी बदलून शकुंतलेने येत. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची, मूर्तिजापूर ते यवतमाळ सुमारे ११३ किलोमीटर जाणारी ही गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चाले. ती वेळेवर येईल असे कोणी धरून चालत नसे, तेव्हा स्टेशनावर बंडी घेऊन गेलेल्या काकाची शिदोरी सोबतच असे.

महालक्ष्म्यांचे मुखवटे आजीच्या लाकडी पेटीत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले. ते बाहेर काढण्याचा मान तिचाच. लुगड्याच्या निऱ्या बसवायला ती स्टुलावर चढे आणि खालून तीन सुना टाचण्या पुरवत. एक निरी वाकडी गेली तरी सारे सोडून पुन्हा नेसवणे होई. फुलोऱ्याच्या करंज्या, पापड्या आणि वेणी-फणी दोऱ्यांनी वर टांगत. त्यांच्यावर नजर ठेवायला एक जाणते मूल बसवत, आणि पहिली पापडी बहुधा तेच लांबवी. नैवेद्याला पुरणपोळी, ज्वारीची आंबील, कढी, वडे आणि सोळा भाज्यांची मिळून एक भाजी. पंगतींवर पंगती उठत. पुरुष आणि मुले आधी जेवत; रांधणाऱ्या बाया बसेपर्यंत दिवस कलायला लागे. आजी त्यांच्यात सर्वांत शेवटी बसे, तीही नातसुनेला आग्रह करत.

अशी घरे एकदम मोडली नाहीत. आधी एखादा काका शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी यवतमाळ-नागपूरला बिऱ्हाड करी, मग वाड्यात दुसरी चूल पेटे, आणि आबाजी गेल्यावर हिस्सेवाटणी होई. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मिळाला. तरी या भागात हक्कसोडपत्रावर सह्या करून मोकळ्या होणाऱ्या आत्या कमी नाहीत. माहेर तुटू नये, हे त्यांचे कारण.

वाटणीत शेत, बैल, बंडी, भांडी अशा साऱ्यांचे हिस्से पडतात. महालक्ष्म्यांचे पडत नाहीत. काही घरांत त्या थोरल्याकडे राहतात, काहींत दरवर्षी पाळी बदलते. या घरात थोरल्याकडेच आहेत. खर्चाची वर्गणी मात्र सगळ्या भावांची, आणि पुण्याला गेलेले नातू त्या तीन दिवसांसाठी गाडीचे आरक्षण खुले होताच करून ठेवतात.