जांघेतला ठोका

आमच्या पनवेल भागात लावणीच्या दिवसांत जांघेत गाठ येणं नवं नाही. चिखलात पायात काटा मोडतो, जखम चिघळते आणि जांघेत अवधाण येतं. चार दिवसांत बसतं. म्हणून त्या आषाढात उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ लागली, तेव्हा मी आधी तळवे तपासले. काटा नव्हता.

शिवाय अवधाण दुखतं, ही दुखत नव्हती. रात्री हात ठेवला तर हाताखाली ठक ठक उडायची. बायकोला म्हटलं, बघ गं जरा. तिनं बोट लावलं नि झटक्यात मागं घेतलं. "अहो, ही जिवंत हाय!"

एका ठिकाणी दाखवली. गळू समजून चीर द्यायचं ठरलं. मी टेबलावर आडवाही झालो. जांघ पुसता पुसता तिथली सिस्टर थांबली. "डॉक्टर, हे उडतंय." त्या दोन शब्दांवर मी आज लिहितोय. ती गाठ नव्हतीच, मांडीची मुख्य धमनी फुगली होती. वर चीर पडली असती तर रक्त कुणाला आवरलं असतं?

मग डॉप्लर सोनोग्राफी, सीटी अँजिओ. एरवी सेंटिमीटरभर रुंद असणारी धमनी माझी तीनच्या वर गेलेली. पंपाच्या जुन्या पाइपाला फुगा येतो ना, तसं. सर्जन म्हणाले, फुटण्यापेक्षा भीती गुठळीची. फुग्यात रक्त साकळतं, तुकडा सुटून खाली अडकतो नि पाय जातो. त्यांनी पोटाचीही सोनोग्राफी सांगितली तेव्हा माझ्या मनात आलं, दुखणं मांडीत नि हे पोट काय बघतात! पण एका जागी फुगलेल्या माणसाला दुसऱ्या मांडीत, गुडघ्यामागं, पोटातही फुगा असू शकतो, आणि पोटातला न सांगता मारतो. माझं पोट साफ निघालं. डाव्या गुडघ्यामागं बारीकसा आहे, त्याची दर वर्षी तपासणी. चाळीस वर्षं ओढलेल्या विडीचा हिशेब डॉक्टरांनी तिथंच मांडला.

ऑपरेशन मुंबईला, जे. जे.त. पनवेलहून हार्बर लोकलनं सँडहर्स्ट रोडला उतरलं की जवळच. फुगलेला भाग काढून कृत्रिम नळी शिवली. तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरनं सांगितलं, १७८५ साली लंडनमध्ये जॉन हंटरनं एका घोडागाडीवाल्याच्या गुडघ्यामागच्या फुग्यासाठी मांडीतली धमनी बांधून टाकली होती, तरी पाय वाचला. बारक्या धमन्यांनी रक्त पोचवलं. मला ते लगेच पटलं. पाट तुंबला तरी पाणी कडेकडेनं खाचरात उतरतंच की.

विडी सुटली, पण सहज नाही. खिसा अजून चाचपतो.

यंदा लावणीत पुतण्या जांघ धरून बांधावर आला.

"हात ठेव. उडतंय का?"

"नाय काका. ठणकतंय नुसतं."

"मग तळवा दाखव."

टाचेत बाभळीचा काटा होता.