चिंचेच्या डब्याशेजारी सुमाक

औरंगाबादच्या मुस्लिम घरांत आंबट चवीला मान आहे. खट्टी दाळ, चिंचेच्या कोळातले वांग्याचे सालन, अंबाडी घातलेले गोश्त आणि चिंचेला कोवळी पालवी फुटली की चिगूर-गोश्त. म्हणून माझे दीर जिद्दाहून सुमाकचे पाकीट घेऊन आले, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अम्मींनी, विचारले, "घरात चिंच असताना हे कशाला?"

सुमाक म्हणजे एका झुडपाची लालसर फळे. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत आणि इराणात ती वाळवून भरड कुटतात. आंबा आणि काजूच्याच कुळातले हे झाड. म्हणजे आमचूर आणि सुमाक एकमेकांचे नातलगच. काजूची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र ते टाळावे. इराणात कबाब-भातावर सुमाक भुरभुरतात. पॅलेस्टाईनचे मुसख्खन, म्हणजे रोटीवर कांदा आणि कोंबडी, त्याशिवाय होत नाही. युनानी हकिमांनाही ते जुन्या ओळखीचे.

आमच्याकडे ते पाकीट दोन महिने फळीवर पडून होते. मग अब्बांचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका लहान चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. लोणचे बंद झाले, पापड बंद झाले, सालन अळणी झाले. अब्बांनी तक्रार केली नाही. आधी अर्धी रोटी कमी झाली, मग एक. दस्तरखानावरून ते गप्प उठून जात. आठवडाभरात त्यांचा कुर्ता सैल दिसू लागला आणि अम्मींचाही घास घशात अडकू लागला.

आंबट चव असली की मिठाची उणीव कमी जाणवते, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. पण चिंचेचा कोळ शिजवावा लागतो आणि तो स्वतःच मीठ-गूळ मागतो. सुमाक वरून कोरडेच घालता येते. मी कांदा पातळ चिरला, त्याला अर्धा चमचा सुमाक चोळले, कोथिंबीर घातली आणि मीठ न घालता दहा मिनिटे ठेवले. अब्बांनी एक घास घेतला आणि विचारले, "इसमें क्या डाली?" त्या रात्री त्यांनी दुसरी रोटी मागून घेतली. अम्मी काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी कांदा त्यांनीच चिरला.

आता दह्यावर, उकडलेल्या अंड्यावर, घरच्या कबाबावर सुमाक असते. ते आच बंद केल्यावर घालावे, म्हणजे वास टिकतो. पाकिटावरचा मजकूर वाचून घ्यावा. काही सुमाकमध्ये आधीच मीठ मिसळलेले असते, मग सगळी मेहनत वाया. आणि याने डॉक्टरांची गोळी सुटत नाही.

खट्टी दाळ अजून चिंचेचीच होते, फक्त मीठ अब्बांच्या बेताने. सुमाक संपत आले की अम्मी त्यात थोडे आमचूर मिसळतात. अब्बांना फरक लगेच कळतो, तरी रोट्या दोन्ही संपतात.